जहाजावरचे अकरा

मंगळवारी सकाळी महाडच्या आमच्या घरी नुसती लगबग चालली होती. स्टुलावर लॅपटॉप, मागच्या भिंतीवर धुतलेली चादर, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला... सगळा थाट माझ्या भाचीसाठी.

माझा दादा मालवाहू जहाजावर आहे. तो गेल्यावर मुलगी झाली, म्हणजे बापलेकीची अजून भेटच नाही. फोटो पोचले होते, पण फोटोत बाळ ना आळस देतं, ना डोळे वटारतं.

वहिनी माहेरी, पोलादपूरच्या वर आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाडीत. तिथे धड रेंज नाही. आणि जहाजावर व्हिडिओ कॉलला प्रत्येकाला महिन्यातून एकदाच नंबर मिळतो. यावेळचा दादाचा नंबर नेमका बाळाचा सव्वा महिना झाल्यावर आला, म्हणून बाळाची पहिली बाहेरवारी आमच्या घरी ठरली.

जहाजावरच्या कॉम्प्युटरमधून नंबरांचं कॅलेंडर एक्स्पोर्ट करून दादाने मला ती फाइल मेल केली होती. मी टॅप केलं, फोनमध्ये नोंद झाली... मंगळवार, सकाळी अकरा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. इथे मात्र फाइल आली म्हणजे वेळ बरोबरच असणार, असं धरून चालले.

वहिनी आणि तिची आई एसटीत बसल्याचा फोन येऊन गेला, आणि थोड्याच वेळात दादाचा मेसेज. "अगं कुठे आहात? खूप वाट बघितली. माझा नंबर संपला."

अकराला अजून कितीतरी वेळ होता. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघितली. आत तारीख होती, वेळ होती, पण ती कुठल्या टाइम झोनची, याचा कुठे उल्लेखच नव्हता.

अशी फाइल ज्याच्या फोनमध्ये जाईल, त्याच्याच घड्याळाची वेळ दाखवते. जहाज पार जपानच्या बाजूला, त्यांचे अकरा आपल्या कितीतरी आधी वाजतात. पण सगळं जहाज एकाच घड्याळावर चालतं, त्यामुळे झोन लिहायचं त्यांच्या डोक्यात आलं नसेल. आपण तरी "अकराला ये" म्हणताना भारतीय वेळ असं कुठे सांगतो...

दादाला सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "बघतो." बस्स.

तेवढ्यात दोघी आल्याच. वहिनी हिरव्या साडीत, बाळ नव्या दुपट्यात, गालावर हे एवढं मोठं तीट. वहिनीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाळाला घेऊन खाली बसली.

"काय झालं गो बाय? आमी उशिरा आलो काय?" तिच्या आईने विचारलं. आम्ही त्यांना मावशी म्हणतो.

"नाही मावशी, तुम्ही वेळेवर आलात. वेळच चुकीची होती."

"म्हंजे त्याला पोरगी दिसायची नाय?"

मी चहा टाकला. कोणी प्यायलं नाही. बाळ तेवढं निवांत झोपलं होतं.

चहा गार झाल्यावर कधीतरी मेसेज आला. जहाजावरच्या फिलिपिनो कुकने आपला नंबर दादाला दिला होता. आज पाच वाजता.

मी आधी विचारलं, "तुमचे पाच की आमचे?" दादा म्हणाला, "जहाजाचे." म्हणजे आमची दुपारची जेवणाची वेळ. तरी मी दोनदा हिशोब केला, आणि दोनदा त्याच्याकडून खात्री करून घेतली.

कॉल लागला. दादा नुसता बघत राहिला. बाळाने डोळे उघडले, भली मोठी जांभई दिली, आणि दादा रडायला लागला. वहिनी म्हणाली, "रडताय काय, तिला हाक मारा ना." मग त्याने हाक मारली.

दादाच्या मागे एक माणूस अॅप्रन लावून उभा होता. मावशींनी ओळखलं. "ह्योच ना तो? त्याला सांग, आला की आमच्याकडं ये म्हणावं. वाटाणा, भाकरी, काय हाय ते जेवून जा." दादाने इंग्रजीत सांगितलं. कुकने मावशींना हात जोडले.

रात्री दादाचा मेल आला. त्या नंबरावर कुक त्याच्या शाळकरी मुलीशी बोलणार होता. आता महिनाभर बोलणं नाही. त्याने तिला लिहून कळवलं होतं, की इथल्या एका बाबाने त्याचं बाळ अजून बघितलेलं नाही, आपण पुढच्या वेळी बोलू.

तिचं उत्तर आलं होतं, "चालेल. पण बाळाचा फोटो पाठवा."

त्या पोरीचं नावही मला माहीत नाही... माझ्या भाचीला तिचा बाप दिसला तो त्या पोरीच्या वाट्याच्या वेळेत. ते ऋण कसं फेडायचं कळत नाही, पण तिने मागितलेला फोटो काल पाठवलाय. मावशींनी स्वतः निवडला. जांभईचा.