टाचेला बोट

आमच्या शेजारणीला मी तोंडावरच 'स्टॉपवॉच' म्हणते. बाई दूध तापवतानाही सेकंद मोजतात! नोकरीच तशी. मूल मणी किती वेळात ओवतं, एका पायावर किती वेळ उभं राहतं, हे तपासायचं केंद्र त्या सांभाळतात. चाचणी परदेशातली. ती आपल्या मुलांसाठी मराठीत आणली बाईंनीच, वर्षभर खपून. त्या वर्षात नवरा दोनदा उपाशी झोपला असेल, पण कागदावरचा स्वल्पविराम हलला नाही.

परवा तळमजल्यावरच्या शिंपीणताईंच्या भिंगरीची पाळी होती. पोरगी पाच वर्षांची. शाळेचं म्हणणं, ही फार धडपडते. गुण कमी पडले तर पहिलीत घेणार नाही, दोन बस बदलून मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळेत जायचं. ताई एकट्या जायला तयार नव्हत्या, म्हणून मी सोबत गेले. म्हणजे, मला ती खोली आतून बघायचीही होतीच.

रोज चाचणी घेणारी मुलगी रजेवर, म्हणून बाई स्वतः उतरल्या. एरवी त्या वर बसून नुसते गुण तपासत. भिंगरीने मणी सरसर ओवले. सुईत दोरा ओवणारी पोर ती! पण चेंडू दोनदा सुटला. आता सगळं शेवटच्या रेषेवर आलं.

जमिनीवर पिवळी पट्टी. करून दाखवायचं नाही, शब्द वाढवायचा नाही, असा नियम. बाईंनी वाचलं, "टाचेला बोट लावून रेषेवरून चाल."

भिंगरी वाकली, हाताचं बोट टाचेला टेकवलं आणि बदकासारखी निघाली. तिसऱ्या पावलाला कोलमडली.

मला हसू फुटणार, तोच ताईंनी माझं मनगट असं आवळलं की हसू घशातच राहिलं.

बाईंची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली.

"असं का चाललीस गं?"

"तुम्हीच सांगितलंत ना, टाचेला बोट लाव!" भिंगरी रडवेली झाली. "लावलं की!"

बाईंचा चेहरा उतरला. "पायाचं बोट गं, बाळा. मागच्या पायाची बोटं पुढच्या टाचेला टेकली पाहिजेत."

"मग तसं सांगा ना!" भिंगरी उठली आणि दहा पावलं सरळ चालली.

दारात बाईंचे मोठे साहेब उभे होते. "बाई, हे धरता येणार नाही. शब्द वाढवलेत तुम्ही."

"मग आधीची शून्यंही धरता येणार नाहीत, साहेब. वाक्य चुकलंय. माझं."

"चाचणी सुरू झाल्यापासूनचे, तीन महिन्यांचे निकाल उघडावे लागतील. कळतंय का, कुणाच्या नावावर येईल?"

"कळतंय."

"माझ्या पोरीचं काय?" ताई उठून उभ्या राहिल्या.

"आज निकाल नाही, ताई. वाक्य सुधारून पुन्हा घेऊ. तोवर शाळेला काही ठरवू नका म्हणून आत्ताच लिहून देते."

दिलं. मग कपाटातून गठ्ठा काढला. रेषेवर शून्य पडलेली एकोणीस मुलं. त्यातली चार वेगळ्या शाळेत जाऊन पोचलेली.

एरवी माझी जीभ कुठे थांबते? त्या दिवशी मी गुपचूप खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या, पहिला नंबर लावला.

"हॅलो, मी तपासणी केंद्रातून बोलतेय. तुमच्या मुलाचं काही चुकलं नव्हतं…"

पलीकडून प्रश्नांमागून प्रश्न येत राहिले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.