पोचल्याचा फोन

लांबच्या प्रवासात माणूस सारखा डोंगर-समुद्र बघत असतो, असं न जाणाऱ्यांना वाटतं. माझा निम्मा वेळ कपडे धुण्यात जातो. नवी खोली मिळाली की आधी नळ सोडून पाहायचा, बादली फुटकी नाही ना बघायचं, मग खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधायची. दोरीवर टॉवेल पडला की खोली माझी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण विंचवाला धुणं नसतं.

मग चहावाला शोधायचा. पहिल्यांदा तो आपल्याकडे परकं माणूस म्हणून बघतो, नंतर साखर किती ते विचारतो, आणि न विचारता कप पुढे करायला लागला की माझी निघायची वेळ झालेली असते. याचं वाईट वाटतं. थोडं बरंही वाटतं.

आणि पोचल्याचा फोन. नोकरी मुदतीआधी सोडून मी अशी फिरायला लागले, तेव्हा वडनेरच्या घरात आई एकटी उरली. तिची अट एकच. घरचं माणूस वाटेवर असलं की ते मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा तिचा नेम. मी एका गावाहून दुसऱ्या गावाला निघाले तरी तोच नेम, म्हणून फोन आलाच पाहिजे. आमचं घर हायवेला लागून. ट्रकमागून ट्रक धूळ आत ढकलत असतो, आणि आई अशी की पाहुण्याच्या पायाखालूनही केरसुणी फिरवेल. दिवेलागणीनंतर मात्र ती केरसुणीला हात लावत नाही, लक्ष्मी जाते म्हणून.

"माय, तू तिथं झाडलं तं इथं माही बस उलटन काय?" मी हसायचे.

"तू फोन कर, बस," ती म्हणायची. मग आज काय पाहिलं, काय खाल्लं, सगळं खोदून खोदून विचारायची. मला त्या फोनचा कधीकधी रागही यायचा. एवढं लांब येऊनही दावं गळ्यातच, असं वाटायचं.

मागे एकदा मी समुद्रकाठाने खाली खाली जात होते. रोज पहाटेची बस धरायची, दिवे लागल्यावर नव्या गावात उतरायचं, की लगेच आईला फोन. एक दिवस शेजारच्या भाभींचाच फोन आला. त्या शिवणकाम करतात, त्यांच्या खिडकीतून आमची ओसरी दिसते.

"बाई, तुमची अम्मा घरात चप्पल घालून फिरून राह्यली. धुळीनं फरशी दिसत नाही. तबियत ठीक हाय ना तिची?"

मी घाबरले. जिने माझ्या बहिणीच्या नवऱ्यालाही चपला बाहेर काढायला लावल्या, ती बाई घरात चप्पल घालून? फोन तर मी एकही संध्याकाळ चुकवला नव्हता, तेव्हा नेमाचा प्रश्न नव्हता. म्हणजे गुडघे गेले. आईला विचारलं तर म्हणाली, "हाव, दुखते थोडे."

प्रवास अर्धा सोडून परतले. येताना तिच्यासाठी घरात घालायच्या मऊ चपला आणल्या. दुसऱ्या सकाळी मी उठेपर्यंत घर आरशासारखं लखलखीत झालं होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही. आई थकली, आता आपलं फिरणं संपलं, असं मी ठरवूनच टाकलं. मी बरी हाय, तू जाय, असं ती म्हणायची, पण मला ते खरं वाटलं नाही. बॅग माळ्यावर गेली. मी घरात राहिले आणि चिडचिडी झाले.

या हिवाळ्यात गल्लीतल्या बायकांनी देवदर्शनाला गाडी ठरवली. माहेरचं संग्रामपूर आणि एका लग्नापुरतं मेहकर, यापलीकडे मुक्कामाला न गेलेल्या आईने नाव दिलं. पहाटे कोणाचा हात न धरता ती गाडीत चढलीसुद्धा.

गाडी दिसेनाशी झाली तशी मी केरसुणी उचलली. आणि हात पुढे जाईना. माझा विश्वास नाही, आजही नाही. पण केरसुणी परत कोपऱ्यात ठेवली. दुपारी वारा सुटला, फरशीवर पावलं उमटायला लागली. तिचा फोन बंद. मी देवाजवळ दिवा लावला, आणि त्यानंतर तिचा फोन आला.

"पोचलो वं आमी. इथं नळाले गरम पाणी येते!"

"दिवसभर फोन काऊन नाही केला?"

"आत्ताच तं उतरलो. घर झाडलं?"

"नाही."

"आता दिवे लागले. आता नको झाडू."

"सकाळी झाडतो."

"सकाळी कुठं? पहाटंच पुढं निघून राह्यलो आमी. उद्या असेच दिवे लागल्यावर पोचू."

पहाटे निघायचं, दिवे लागल्यावर पोचायचं. समुद्रकाठी मी हेच करत होते. माझा फोन रोज जात होता आणि तिला झाडायला एकही सकाळ मिळत नव्हती. गुडघ्यांना काहीच झालेलं नव्हतं.

"माय," मी म्हटलं, "तू तवा बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तं तू एका जागी बसली असती. मंग मले समुद्र कोनं सांगितला असता?" मागून तिला कोणीतरी हाक मारली. "ठेवतो वं. दोरी बांधाची हाय."

दारात तिच्या मऊ चपला होत्या. मी त्या पायात घातल्या आणि चहा ठेवायला आत गेले.