सरूच्या डोळ्यावरची निळी रेघ

सरूचा एक नियम होता. दुसऱ्याच्या डोळ्याला लावायचा रंग आधी स्वतःच्या डोळ्यावर दिवसभर वागवायचा. नियम चांगला होता, आणि त्यानेच तिचा घात केला.

पेणला पुंडलिकशेठच्या गणपतीच्या कारखान्यात ती आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, सगळं रंगकाम झाल्यावर अगदी शेवटी करायचं काम. तिथल्या बायकांच्या वाट्याला घासकाम, म्हणजे कच्च्या मूर्ती घासून गुळगुळीत करणं येई, फार तर पितांबराचे काठ रंगवणं. सरूकडे डोळे आले ते तिच्या हातामुळे. श्वास रोखून ती रेघ ओढायला लागली की शेजारची बाई खोकलासुद्धा दाबून धरायची. तिच्याजवळ सोंड तुटलेला एक गणपती कायम ठेवलेला असे. नवा कालवलेला रंग आधी त्याच्या डोळ्याला लागायचा, उन्हात राहायचा, ओल्या फडक्याने पुसला जायचा. टिकला तरच बाकीच्या मूर्तींना.

मग नवऱ्यामुलींना मेकअप करायची टूम निघाली. "देवाचे डोळे काढतेस, आमच्या पोरीचे काढ की गो," म्हणत बायका तिला घरी न्यायला लागल्या. इथे तुटका गणपती कुठून आणायचा? सरूने स्वतःचा डावा डोळा त्याच्या जागी बसवला. काजळ असो, लायनर असो, सकाळी लावायचं आणि मग चुलीचा धूर, भाताची वाफ, घाम, पदराने पुसणं, सगळं त्याला भोगायला लावायचं. शेवटी रडून बघायचं, कारण नवरी रडणारच. रडायला तिला कांदा लागत नसे. रोह्याच्या सासरचा शेवटचा दिवस आठवला की पुरे होई.

त्या दिवशी नवऱ्याने तिला नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर काढलं होतं. आळीत सगळे मोठे सज्जन, पण एकाने दार उघडलं असेल तर शपथ! उघडलं ते पलीकडच्या अमीनाने. तिने सरूला जेवू घातलं, स्वतः स्टेशनवर येऊन पेणच्या गाडीत बसवून दिलं. एवढंच केलं, पण सरू ते उभ्या जन्मात विसरली नाही.

त्या अमीनाच्या मुलीचा, अक्साचा, निकाह ठरला. शहाण्णव सालचा मे महिना होता. अमीना स्वतः पेणला आली आणि कारखान्याच्या दारात घाम पुसत उभी राहिली. तिचा नवरा शरीफ कुवेतला होता. त्याने पोरीसाठी धाडलेली काचेची डबी तिने सरूच्या हातात ठेवली. आत लायनर होतं, जेलीसारखं मऊ, निळं मोरपिशी. इतकं झगझगीत, की रंगांत जन्म काढलेल्या सरूनेही डबी पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघितली.

"पोरीला ह्याच पायजे," अमीना म्हणाली. "पन लावला की दुपारपातूर पसरतंय. पाव्हणे महाडचे हायत, नावं ठेवतील. तूच बघ गो काय ते."

"भाभी, तू काळजी नको करू. मी टिकवून देते," सरू बोलून गेली.

शब्द दिला म्हणजे दिला. तिने लावून पाहिलं, तर अमीना म्हणाली तसंच झालं. जेवणवेळेला रंग खालच्या पापणीत उतरला, डोळ्याभोवती मार बसल्यासारखा डाग. आता कारखान्यात मूर्तीचा डोळा चमकवायचा आणि टिकवायचा, तर वरून वॉर्निशचा हात देतात. सरूने असे किती डोळे चमकवले होते त्याला गणती नाही. तिने थोडं लायनर शिंपलीत काढलं, त्यात वॉर्निशचे थेंब कालवले आणि मनगटावर रेघ ओढली. पाणी ओतलं, घासलं, रेघ जागची हलली नाही. कातडीला काही झालं नाही. मूर्तीचा डोळा मिटत नाही, एवढी एकच गोष्ट ती विसरली.

निकाहाच्या आदल्या दिवशी सकाळी तिने ते डोळ्यावर लावलं. कारखान्यात चेष्टा झाली, "काय गो सरू, निकाह अक्साचा हाय का तुझा?" ती लाजली. वाफ झाली, घाम झाला, पदराने पुसून झालं. संध्याकाळी रेघ सकाळी होती तशीच होती. सरू इतकी खूश झाली, की रडून बघायच्या वेळी तिला हसूच येत राहिलं.

मग धुवायला गेली, तर ती निघेना. साबण झाला, खोबरेल झालं. पापणी ताठ झाली होती, रंगाचे बारीक कण सुटून आत टोचत होते. चोळून चोळून डोळा लाल झाला. मूर्तीवरची चुकलेली रेघ काढतात तसा तिने शेवटी थिनरमध्ये कापूस भिजवला, डोळा गच्च मिटला आणि पापणीवर फिरवला. कितीही मिटला तरी डोळाच तो. एक थेंब आत गेला, आणि सरूची किंकाळी आळीभर ऐकू गेली.

शेजारणींनी कळशीभर पाणी ओतलं. सकाळी त्या डोळ्याने नुसता पांढुरका उजेड दिसत होता. डोळ्यावर ओलं फडकं बांधून सरू स्टेशनकडे निघालेली बघून पुंडलिकशेठ ओरडले, "अगो, आधी डाक्टरकडं जा! येडी का खुळी तू?"

"उद्या जाते शेठ. आज अक्साचा निकाह हाय."

काय म्हणावं या बाईला! डोळा तिचा, पोट त्या डोळ्यावर, आणि ती रोह्याची गाडी पकडते.

अमीनाच्या घरी पाहुण्यांची झुंबड होती. "डोल्याला काय झाला गो?" तिने जाता जाता विचारलं. "कचरा गेलाय," सरू म्हणाली. वॉर्निश कालवलेली शिंपली तिने घरीच फोडून टाकली होती. डबीतलं निव्वळ निळं तिने ब्रशवर घेतलं आणि अक्साला खिडकीशी बसवलं. तिचा उजवा डोळा कसाबसा जमला. डाव्याला मात्र ब्रशचं टोक कधी टेकतं ते एका डोळ्याने कळेना. रेघ घसरली. तिने पुसून पुन्हा ओढली, पुन्हा वाकडी गेली. बाहेरून हाका सुरू झाल्या. अमीनाने बघितलं, ओठ दाबले, आणि पोरीवर ओढणी ओढली. पाठवणीला अक्सा रडली तेव्हा निळं गालापर्यंत ओघळलं. सरू तोवर थांबली होती, पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

तिच्या डोळ्यात फूल पडलं. लगेच आली असतीस तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. शेठ वाईट माणूस नव्हे, त्यांनी कामावर ठेवलं. पण आखणी गेली ती गेलीच. डोळ्यांना नवी मुलगी आली, आणि सरू उंदीर रंगवायला लागली. त्यांचे डोळे काढायलाही तिला कुणी सांगत नसे.

गणपती जवळ आले तेव्हा अमीना पेणला आली, हातात लग्नाचा फोटो घेऊन. मनातली मळमळ तिने दारातच बाहेर काढली. "बघ गो काय करून ठेवलंस! पोरगी सासरी कुनाला फोटो दाखवत नाय..."

सरूने मान वर केली. तो पांढरा डोळा बघून अमीनाने पुढे केलेला फोटो खाली घेतला. शेजारी बसलेली बाईच बोलली, "भाभी, तुमच्या अक्साचा रंग टिकवाया गेली नि डोला घालवून बसली ही. तसाच डोला घेऊन रोह्याला आली व्हती."

सरूने अमीनाच्या हातातला फोटो घेतला, चांगल्या डोळ्याशी नेऊन बघितला. ती तिची शेवटची रेघ होती. वाकडी होती खरी.

"भाभी," तिने विचारलं, "नंतर धुतल्यावर निघाला ना सगळा?"

"निघाला गो," अमीना रडत म्हणाली. "नुसत्या पान्यानं निघाला."

"मग बरं झालं," सरू म्हणाली, आणि तिने पुढचा उंदीर ओढला.