समुद्राकाठचं घरभाडं

माझी लेक पोर्तुगालला नोकरीला लागली तेव्हा आमच्या वस्तीवर सगळ्यांनी आधी एकच उद्योग केला. तिचा पगार रुपयांत करून बघितला. कुणी मोबाईलवर, कुणी बोटांवर. आकडा ऐकून माझ्या धाकट्या जावेनं तोंडाला पदरच लावला. चुलत सासरे म्हणाले, "गोव्यावर राज्य व्हतं तीच का ही माणसं? मग चांगली गाठ पडली." मीही काही मागं नव्हते. चतुर्थीला ओझरला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या बाईला तिचं गाव विचारायचं, मग ती माझ्या मुलाबाळांचं विचारेपर्यंत दम धरायचा, आणि विचारलं रे विचारलं की सांगायचं, "एकच लेक हाय. एंजिनेर. परदेशात समुद्राकाठी ऱ्हाती." रांग गाभाऱ्यापाशी पोचायची तरी माझं संपायचं नाही. अभिमान होता आणि तो मी लपवत नव्हते. का लपवायचा? अवसरीच्या कॉलेजात चार वर्षं सायकलवर जाऊन शिकलेली पोर, ना कुठला क्लास, ना पुण्यात खोली.

पण पगार रुपयांत करणाऱ्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही तिचा खर्च रुपयांत करायचं सुचलं नाही. तो मला रविवारच्या रविवारी कळत गेला.

रविवारी ती बाजाराला निघाली की तिथूनच व्हिडिओ कॉल लावायची. आमचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो, त्यामुळं माझा पहिला प्रश्न ठरलेला, "टोमॅटो काय भाव?" तिथं दोन किलोला जे पैसे पडायचे, तेवढ्यात आमच्याकडं मंदीत अख्खं क्रेट जायचं. कोथिंबीर तर प्लास्टिकच्या डबीत, मोजून दहा-बारा काड्या. "मेलं, ह्याला काय जुडी म्हणायचं?" असं मी एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारून चाललेली एक गोरी बाई दचकली. पाव स्वस्त, मासळी स्वस्त, उभ्यानं प्यायची कॉफी स्वस्त. केस कापायचे पैसे ऐकले तेव्हा मी म्हणाले, "वेणी घाल गं बाई." तिनं खरंच केस वाढवले.

थंडीचं तर मला खरंच वाटेना. एवढं ऊन, एवढा समुद्र, आणि घरात मात्र हुडहुडी! त्या घरांना शेकोटी नाही, काही नाही, भिंतींना ओल धरलेली. हीटर लावावा तर लाईटबिल बघून घाम फुटायचा. मग पोर लॅपटॉप घेऊन दाराच्या पायरीवर उन्हात बसायची. जाताना मी बॅगेत गोधडी कोंबली तेव्हा "आई, वजन होतं" म्हणून माझ्यावर चिडली होती. आता तीच गोधडी अंगावर घेऊन माझ्याशी बोलायची. मी एका शब्दानं टोमणा मारला नाही. एकदाच मारला.

आणि घरभाडं! एक खोली, एक ओटा, खिडकीतून समुद्राचा हातभर तुकडा, आणि त्याला जवळजवळ अर्धा पगार. हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. रांगेतल्या बायांना तर नाहीच नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी बोलता बोलता माझी नजर तिच्या मागच्या भिंतीवर गेली. मी दिलेलं विघ्नहराचं कॅलेंडर भिंतीवर नव्हतं. नुसता खिळा.

"कॅलेंडर कुठं गं?"

"बॅगेत."

"का? कुठं निघालीस?"

ती म्हणाली, "आई, तुला सांगणारच होते." तिथल्या समुद्राकाठच्या घरमालकांची एक रीत आहे. थंडीचे आठ महिने ते नोकरीवाल्यांना घर देतात आणि उन्हाळा लागला की खाली करायला लावतात. उन्हाळ्यात फिरायला येणारे लोक आठवड्याला तेवढं भाडं देतात जेवढं ही महिन्याला द्यायची. करारातच तसं लिहिलेलं. ही तीन आठवडे घर शोधत होती. जे मिळायचं त्यात सगळा पगार जायचा. आणि ऑगस्टमध्ये तिची तिथल्या सरकारी कचेरीत तारीख होती, राहण्याच्या परवान्याची. त्या दिवशी राहत्या पत्त्याचा दाखला हातात नसला तर परवाना नाही. परवाना नाही तर नोकरी नाही. मग परत गाव.

"पैसे पाठवू का?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली, "कांद्याचे पैसे भाड्यात घालायला मी इथं आले नाही." तिचे वडील माझ्या मागं खाटेवर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. आमचे हे असेच. त्यांचा शब्द म्हणजे सणाला काढायचं भांडं.

मग ती अडखळत म्हणाली, "एक जागा आहे. पण तू चिडशील."

समुद्रापासून आत, बसनं वीस मिनिटांवर, एका म्हाताऱ्या बाईचं घर होतं. मागं संत्र्यांची बाग. म्हातारा गेलेला, मुलं दुसऱ्या देशात, आणि हिचे गुडघे गेलेले. कालव्याचं पाणी तिकडंही पाळीनं येतं, आठवड्याला दोनदा, आणि ते झाडाझाडाला फिरवायला माणूस मिळत नव्हता. बाई म्हणाली होती, खोली घे, पत्त्याचा दाखला देते, भाडं नको, लाईटबिल निम्मं दे आणि माझ्या पाण्याच्या पाळ्या सांभाळ.

"म्हणजे दारं धरायची?" मी विचारलं.

"हो. दारंच."

आता इथं मला माझं खरं सांगितलं पाहिजे. पाटातून पाणी आलं की एक वाफा भरेपर्यंत उभं राहायचं, भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. अनवाणी, घोटाभर चिखलात, उन्हात. माझी सगळी उमर त्यात गेली. लेक बारावी झाली त्या दिवशी मी घरात सांगून टाकलं होतं, हिनं खोऱ्याला हात लावायचा नाही. ती तरी सकाळी कॉलेजच्या आधी बापाच्या मागं कांद्याच्या वावरात जायची. मी खोरं कडब्याच्या गंजीमागं लपवायचे. पायाला चिखल दिसला की घर डोक्यावर घ्यायचे. लोकांनी तिला रानात बघू नये, एंजिनेर म्हणून बघावं, एवढीच माझी हाव होती.

म्हणून त्या रविवारी माझं डोकंच फिरलं. "एंजिनेर झालीस ती दुसऱ्याची दारं धरायला? आन् तीबी परक्या मुलखात? लोक काय म्हणतील? गडी म्हणून ऱ्हायचं व्हतं तर इथं काय वावर कमी व्हतं?" नको नको ते बोलले. शेवटी म्हणाले, "त्यापरीस घरी ये." आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी तिचा आला, मी उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आलाच नाही.

त्याच दिवसांत आमच्या रानात मेंढ्यांचा वाडा बसला होता. दरवर्षी पाऊस लागायच्या आधी एक धनगर कुटुंब येतं, रिकाम्या वावरात आठ-दहा दिवस मेंढ्या बसवतं. लेंडीखत जमिनीत मुरतं. त्या बदल्यात आम्ही धान्य देतो, विहिरीवर पाणी भरू देतो. त्यातली बाई माझ्याच वयाची. दुपारच्या चहाला आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं वं? पोरीचं काय?"

बाहेरच्या माणसापाशी बोलायला बरं असतं. सगळं सांगितलं. वर म्हणाले, "कुणाच्या घरात अशी फुकाट ऱ्हायची येळ यावी का तिच्यावर?"

तिनं कप खाली ठेवला. "फुकाट?" म्हणाली. "मंग आमी तुमच्यात फुकाट बसतू व्हय वं? पायलीभर बाजरी काय भीक म्हून देता तुमी? आमच्या मेंढ्या न्हाय बसल्या तर तुमचा कांदा कसा यील त्ये सांगा की!"

मला तोंड वर करून बघवेना. वीस वर्षं ती येतेय, आणि तिला मी कधी परकी म्हटलं नाही की हलकी मानलं नाही. उलट यायला उशीर झाला तर फोन करून आम्हीच बोलावतो. आणि माझ्या पोटच्या पोरीनं तेच केलं तर मला लाज? आमचे हे गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी तेवढंच म्हटलं, "पोरगी दारं धरायला लई हुशार हाय." बास. सण उरकला.

मी तिथल्या तिथं फोन लावला. तिनं उचलला आणि घाईघाईत म्हणाली, "आई, थांब, पाणी आलंय." रागावली असेल, रडेल, असं काय काय मी मनात योजलं होतं. कसलं काय! तिनं फोन झाडाच्या बेचक्यात अडकवला आणि गेली. म्हणजे माझ्या नाकावर टिच्चून ती कधीच राहायला गेली होती.

मी बघत राहिले. लाल माती. संत्र्याच्या झाडांच्या रांगा, प्रत्येक झाडाला गोल आळं. वेणी वर बांधलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी. हातात आखूड दांड्याचं, रुंद पात्याचं त्यांचं खोरं. एक आळं भरलं की दोन हिसक्यांत तोंड बुजवायची आणि पुढचं उघडायची. वाकलेली ती पाठ मी आरशात कधी बघितली नव्हती, पण माझीच होती. मागं ओट्यावर काळ्या कपड्यांतली म्हातारी खुर्ची टाकून बसली होती.

तेवढ्यात वरच्या अंगाला बांध फुटला. पोरीची पाठ होती, तिला दिसेना. पाणी निघालं वाट सोडून उताराला. माझ्यानं राहवलं नाही. "अगं ए, बांध फुटला! डावीकडं, डावीकडं! माती वढ आधी!" मी आमच्या ओट्यावरून ओरडले. त्याच वेळी तिकडं म्हातारी खुर्चीतून अर्धी उठून, हात नाचवत, तिच्या भाषेत ओरडत होती. एक शब्द कळला नाही, पण ती काय म्हणत होती ते मला शंभर टक्के माहीत होतं. पोरीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग फोनकडं. "एका येळेला एकीनं ओरडा!" म्हणाली, आणि पळत जाऊन बांध घातला. म्हातारीनं मान वळवून झाडातल्या फोनकडं बघितलं, मला बघितलं, आणि आम्ही दोघी फिदीफिदी हसत सुटलो. धनगरीण माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "लई ब्येस धरतीया की दारं," म्हणाली.

पाळी संपल्यावर लेक हातपाय धुऊन फोनपाशी आली. मी म्हणाले, "चुकलं गं माझं." हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललेले नाही, ते ह्यांना विचारा. ती म्हणाली, "आई, एक सांगू? तू खोरं कुठं लपवायचीस ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. परत तिथंच ठेवायचो, तुला वाईट वाटू नये म्हणून." मी मागं वळून ह्यांच्याकडं बघितलं. हे गोठ्यात गेले.

ऑगस्टमध्ये ती कचेरीत गेली तेव्हा म्हातारी काठी टेकत बरोबर गेली. नुसता दाखला पुरला असता, पण ती तीन तास बाकावर बसून राहिली आणि खिडकीतल्या माणसाला लेकीकडं बोट दाखवून बरंच काही सांगत होती. काय सांगत होती असं मी विचारलं. लेक म्हणाली, "ही माझ्याकडं राहते म्हणून नाही, हिच्यामुळं माझी बाग राहिली, असं लिहा म्हणत होती." परवाना मिळाला. तो घेऊन ती घरी आली त्या दिवशीही पाण्याची पाळी होती.

मागच्या चतुर्थीला ओझरच्या रांगेत मंचरची एक बाई भेटली. तिचा भाचा लंडनला. भाड्यालाच निम्मा पगार जातो म्हणून ती हळहळत होती. मग मला म्हणाली, "तुमच्या लेकीला वं? समुद्राकडं लई महाग आसंल. भाडं किती देती?"

वर्षापूर्वी मी विषय बदलला असता. आता पदर खोचला, चांगला आवाज काढला, आणि पुढच्या-मागच्या चार बायांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"आठवड्याला दोन पाळ्या दारं धरती."