बिननावाची घागर

त्या उन्हाळ्यात तुम्ही नदीत सोडलेली राख तुमच्याच माणसाची होती, हे तुम्ही कशावरून सांगता?

रागावू नका. हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे आणि उत्तरही मला मिळालेलं आहे. आम्ही सोडलेली राख आमच्या माणसाची नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. आमचं घर जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक चूक शोधत थेट स्मशानातल्या म्हाताऱ्याकडे जातील, आणि चूक त्याची नाही. माझी आहे.

नाना शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. हुंड्यावर, नळाच्या पाण्यावर, बुवाबाजीवर, रेशन दुकानातल्या लबाडीवर. मला अक्षरं यायच्या आधी पत्रकाची घडी घालता येत होती. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, डबा घेऊन नानांच्या मागे हिंडायचं, एसटी स्टँडच्या भिंतीवर कागद लावायचा आणि मधून कडेपर्यंत तळहाताने दाबत न्यायचा, म्हणजे कोपरा सुटत नाही. हे माझं बालपण. आमच्या घरात देवघर मायचं आणि भिंती नानांच्या.

आखाजीला नानांचं एक पत्रक ठरलेलं असे. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघर पितरांची घागर भरली जाते. लाल मातीची घागर, तिच्या तोंडावर पाण्याचं छोटं मडकं, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत, वारलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला त्याची घागर चुकवायची नाही. चुकली तर तो तहानलेला राहतो, अशी मायची श्रद्धा. नानांची नव्हती. घागर भरायची तर जिथे लोक तहानलेले आहेत तिथे भरा, असं ते पत्रकात लिहायचे आणि स्वतः स्टँडवर रांजण ठेवायचे. माय घरात घागर भरायची, नाना स्टँडवरचा रांजण. दोघंही एकाच हंड्याने पाणी न्यायचे. यावरून त्यांचं कधी वाजल्याचं मला आठवत नाही. भांडण मी सुरू केलं, तेही नाना गेल्यावर.

नाना आखाजीच्या थोडे दिवस आधी गेले. दवाखान्याच्या दारात माय उभी होती, मधे दोरी होती. पिशवीत बांधलेलं काहीतरी गाडीत चढवलं गेलं आणि आम्हाला सांगितलं की हे तुमचे. चेहरा दाखवला नाही. मायने दोरीजवळूनच हात जोडले. ती रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "तोंडमा पानी बी नही टाकं कोनी." त्यांच्या तोंडात शेवटचं पाणीसुद्धा कोणी घातलं नाही, हे तिच्या मनात रुतून बसलं आणि आजही तिथेच आहे.

तिसऱ्या दिवशी स्मशानातून फोन आला, राख घेऊन जा. मी एकटी गेले.

तिथे पत्र्याच्या शेडमध्ये ओट्यावर मडकी मांडली होती. लाल, कोरी, आखाजीची मडकी. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कुंभारीण अक्काने सणासाठी ती भाजून ठेवली होती. बाजार बंद पडला. स्मशानात अस्थी बांधायला कापड पुरेना, तेव्हा तिने हातगाडी भरून मडकी तिकडे पाठवली. ज्यांत पितरांना पाणी द्यायचं, त्यांत पितरच भरून ठेवले होते. प्रत्येक मडक्यावर नावाची चिठ्ठी, पिठाच्या खळीने लावलेली.

मी वही घेऊन गेले होते. सरकारी आकडा आणि इथल्या चिता जुळत नाहीत, हे सगळ्या गावाला दिसत होतं, आणि मला त्याचं पत्रक काढायचं होतं. नानांनी तेच केलं असतं, अशी माझी समजूत होती.

"आबा, आज किती झाले?" मी तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं. लाकडं रचणं, राख भरणं, चिठ्ठ्या लावणं, सगळं तो एकटा करत होता.

"मोजाले कोनले वेळ शे, ताई. तुम्ही आधी तुमचं मडकं घ्या."

"पण लिहून तर ठेवता ना?"

तेवढ्यात कचेरीचा एक माणूस मोटारसायकलवरून उतरला आणि म्हणाला, इथे काही लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. झालं. मी त्याच्याशी भांडायला लागले. कोणत्या नियमाखाली, कोणी सांगितलं, तुमचं पद काय. मी चांगलं भांडते. म्हाताऱ्याने मागून बोट दाखवलं, "ते बघा, दुसऱ्या ओळीतलं." मी भांडता भांडता हात घातला आणि एक मडकं उचललं. चिठ्ठीचा कोपरा सुटून अर्धा कागद गेलेला होता. आडनावाची पहिली दोन अक्षरं जुळली, तेवढी मला पुरली. जिचं आयुष्य भिंतीवर कागद चिकटवण्यात गेलं, तिने आपल्या बापाच्या नावाचा कागद पूर्ण वाचला नाही. मेलेल्यांचा खरा हिशेब मागायला गेलेली मी माझा एक मेलेला धड ओळखून आणू शकले नाही.

आम्ही मायलेकी मुक्ताईनगरच्या पुढे चांगदेवला गेलो, जिथे पूर्णा तापीला मिळते. पाणी खाली गेलं होतं. मायने मडक्यावरचं फडकं सोडलं आणि आत हात घालून चाचपू लागली.

"यामा लोखंड नही," ती म्हणाली.

नानांच्या मांडीत लोखंडी दांडी होती. स्कूटरवरून पडले तेव्हा बसवलेली.

"वितळली असेल," मी म्हणाले.

लाकडाच्या आगीत तशी दांडी वितळत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. विज्ञानावरची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी मी. पण मला तिथून निघायचं होतं, म्हणून तोंडाला आलं ते बोलले.

मग मायच्या हाताला एक अंगठी लागली. तांब्याच्या तारेला पीळ देऊन घरीच केलेली, आगीने काळी पडलेली. "नानानी कधी अंगठी घालेल व्हती का?"

"त्या आबांची पडली असेल. उरक ना, माय."

तिने माझ्याकडे पाहिलं. राख सोडली आणि अंगठी पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली.

त्या वर्षी सुतकात आखाजी गेली. पुढची आखाजी जवळ आली, तशी मायने घागरीची भाषा सुरू केली. मी म्हणाले, या घरात नानांच्या नावाने घागर भरायची नाही. ज्यांनी जन्मभर विरोध केला, त्यांच्यावर ते मेल्यावर कर्मकांड लादायचं नाही. मी कपाटातून त्यांचं जुनं पत्रक काढलं आणि तिला वाचून दाखवू लागले.

"वाच, वाच," माय भाकरी थापत म्हणाली. "त्याले घडी मीच घालेल शे."

चार दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. पाचव्या दिवशी स्मशानातल्या आबांचा फोन आला.

"ताई, शेड साफ करी ऱ्हायनू. एक मडकं शे. तुमच्या नानांचं नाव शे चिठ्ठीवर. आत लोखंडाची दांडी शे, वीतभर."

मी फोन मायच्या कानाला लावला.

आम्ही गेलो. चिठ्ठी आखीव वहीच्या कागदाची होती, पिवळी पडलेली, पण चारी कोपरे घट्ट. नानांचं पूर्ण नाव. आबांनी मान खाली घातली. "मन्ही चूक शे," ते म्हणाले. मी म्हणाले, तुम्ही बोट बरोबर दाखवलं होतं, मी पाहिलं नाही. मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती ऐकून माय ओट्यावर बसली. मी मडकं नेल्यानंतर एक बाई दोनदा येऊन गेली होती. आपलं मडकं शोधत होती. सगळ्या चिठ्ठ्या वाचून घेतल्या, मडकी हलवून पाहिली. दुसऱ्या वेळी संध्याकाळपर्यंत बसली आणि रिकाम्या हाताने गेली.

"कोण होती? कुठली?"

"तोंडाला फडकं व्हतं, ताई. तवा कोनाचं तोंड दिसायचं? इथली नावांची वही कचेरीत जमा झाली, ती काय परत आली नाही."

मी कचेरीत गेले. वही सापडली नाही. मी अर्ज केला. अर्जाला उत्तर आलं की अशी नोंद उपलब्ध नाही. मी अजून अर्ज करते आहे.

घरी येताना रिक्षात माय एवढंच म्हणाली, "मंग तापीमा आपन कोनले सोडी उनूत?"

कोणाला सोडून आलो, हे मी तेव्हापासून शोधते आहे. नानांना आम्ही तापीत सोडलं. या खेपेला मायने दांडी माझ्या हातात दिली, नीट बघायला लावलं, मगच पाण्यात टाकू दिली. त्यानंतर ती मला घेऊन कुंभारीण अक्काकडे गेली आणि दोन घागरी मागितल्या.

"दोन? तुमच्या घरातला एकच गेला ना?"

"पाहुणा शे," माय म्हणाली. "आपलं पोट्टं घेई उनं त्याले, न विचारता. उपाशी धाडू का?"

त्याला घेऊन आलेलं पोट्टं म्हणजे मी. अक्काने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही घागरी उचलल्या.

आखाजीच्या सकाळी मायने उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढली. आजा, आजी, सासरे, नाना. शेवटचं बोट ओढताना ती थांबली. नाव नव्हतं. बाप्या की बाई, तेही माहीत नव्हतं. तिने बोट ओढलं आणि तसाच थोडा वेळ हात तिथे ठेवला. मी दारात उभी होते. मेलेले पाणी पितात असं मी तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. पण दुसऱ्या घागरीत पाणी मी ओतलं. मायने सांगितलं नव्हतं.

या देशाने त्या महिन्यांचं सुतक पाळलं नाही. कामाला लागला, मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या, ते दिवस भिंतीवरच्या जुन्या कागदासारखे खरवडून काढले. किती गेले ते सांगायला कोणी तयार नाही आणि विचारणाऱ्याला उकरून काढणारा म्हणतात. माझं ते पत्रक निघालं नाही. आकडे होते माझ्या वहीत, पण ते घेऊन उभं राहायची मला लाज वाटते. एक माणूस मी स्वतः हरवला आहे. त्याची दाद मी कोणाकडे मागू? सगळ्या गावात त्याची आठवण रीतीने फक्त माझी माय ठेवते, आणि ती त्याला ओळखत नाही.

मग मी दुसरं पत्रक काढलं. त्यात घोषणा नव्हती. कोणत्या महिन्यात, कशी चूक झाली, अंगठी कशी आहे, एवढंच लिहिलं आणि खाली घरचा पत्ता. चाळीसगाव स्टेशनबाहेर लावलं, पहूरच्या आठवडे बाजारात वाटलं, धुळ्याच्या दवाखान्यांजवळ लावलं. कोपरे दाबून लावलं. लोक वाचायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे. कोणी फाडलं नाही.

एकदाच कोणीतरी आलं. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक बाई, दोन गाड्या बदलून. तिचा भाऊ त्या दिवसांत गेला होता. मायने देवघरातून अंगठी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने उलटसुलट केली, बोटात घालून पाहिली, बराच वेळ.

"नही," ती म्हणाली. "त्याना हातमा काळा दोरा व्हता."

अंगठी तिने परत दिली नाही लगेच. मायने पाणी दिलं. ती प्यायली आणि विचारलं, याची घागर भरता का तुम्ही? माय हो म्हणाली. बाई म्हणाली, माझ्या भावाची राखसुद्धा कोणीतरी अशीच नेली असेल तर बरं. मग जेवून, शेवटच्या गाडीने गेली.

नानांची दांडी तापीत आहे. अंगठी आमच्या देवघरात आहे, आणि माय दरवर्षी त्या अंगठीवाल्या माणसासाठी घागर भरते. पण मायचं वय होत चाललं आहे आणि ती मला सारखं एकच विचारते, त्याच्या घरचे सापडले का.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तुमच्या घरातून, गल्लीतून, भावकीतून कोणी दवाखान्यात गेलं आणि परत आलंच नाही, असं असेल, तर आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: त्याच्या बोटात तांब्याच्या तारेची, पीळ दिलेली अंगठी होती का? तुमच्याकडे नसेल तर शेजारी विचारा. आमचा पत्ता पत्रकावर आहे, चाळीसगाव स्टेशनबाहेर. आणि होती म्हणाले, तर स्मशानात मडकं शोधत दोनदा जाऊन आलेल्या त्या बाईला आमच्या घरी घेऊन या.