कुणाची गं तू?

मंडळी, मला पुण्यात आणि बारामतीत, दोन्हीकडं ॲडमिशन मिळतीय. उद्या एक कॉलेज नक्की करायचंय. तात्या, म्हणजे माझे वडील, एकच धरून बसलेत, "बारामती शांत हाय, अभ्यास हुईल."

म्हणून आज आम्ही अंथुर्ण्याहून बारामतीला कॉलेज बघायला गेलो. तात्या ऑफिसात चौकशी करत बसले, मी एकटीच गेटवर चहा प्यायला गेले. चहावाल्या मावशींनी कप देता देता विचारलं, "कुठली गं तू? कुणाची?" मी सांगून टाकलं. मावशींचं माहेर निघालं आमच्याच गावचं!

कप खाली ठेवायच्या आत गावाहून आईचा फोन. "उपाशीपोटी च्या पिलीस व्हय? डबा दिलाय की!"

मी ऑफिसात जाऊन तात्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "हीच का तुमची शांतता?" ते खो खो हसले. मग म्हणाले, "आन् पुण्यात कुणी इचारलं का, कुणाची म्हणून?"

गेल्या आठवड्यात पुण्यात दिवसभर एकटी हिंडले. कुणीच विचारलं नाही. सकाळी काय मोकळं वाटलं होतं! संध्याकाळी बसस्टॉपवर मात्र वाटलं, एकदा तरी कुणीतरी विचारावं.

गाव सोडून शहरात राहिलेल्यांनो, खरं सांगा. पुढं टिकतं ते सकाळचं वाटणं, की संध्याकाळचं?