मनिरामची पहिली ओंजळ

केशोरीकडच्या त्या तलावाची पाळ मनिराम कोहळ्याच्या खापरपणज्यानं घातली. पाणकराचा मान तेव्हापासून त्याच घरात. चैत्रात नाले आटले की गावची जनावरं तलावावर येतात. पण आधी पाणकरानं ओंजळभर पाणी पिऊन दाखवायचं, मगच ती पाण्यात उतरायची. चाळीस वर्षं मनिराम पीत आला. नुसत्या वासावरून तो पाण्याची जात सांगतो, असं लोक म्हणत. तोही नाही म्हणत नसे.

गेल्या साली पाणी निर्मळ दिसलं, त्यानं ओंजळ घेतली, आणि आठ दिवसांत तलावावर हिरवी साय चढली. पाच वासरं दगावली. कोणी त्याला चकार शब्द बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

नात रेणू गोंदियाच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते. वासरं गेली तेव्हापासून ती दर सोमवारी तलावाच्या पाण्याची बाटली तपासायला भरून नेई. यंदा ओंजळीच्या आदल्या दिवशी ती धावतच आली.

"आबाजी, उद्या जनावरं उतरवू नोका."

"काऊन? काचेवानी पाणी हाये!"

"दिसाले साफच हाये. पण शेवाळ दोन जातीचं राह्यते. एकात विष बनवाचं जनुक राह्यते, दुसऱ्यात नाही. डोळ्यानं फरक दिसत नाही. आमच्या कॉलेजातली मशीन तेच जनुक शोधते. मागच्या सोमवारी जराकसं होतं, आता दहापट झालं."

"म्हणजे धानातला करगा," मनिराम सावकाश म्हणाला.

करगा हे तण धानासारखंच वाढतं; फुलोऱ्यापर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. आणि या पोरीनं डोळ्यांना न दिसणारा करगा पाण्यातच ओळखला होता! त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. जन्मभर ज्या पाण्याशी बोललो, त्याच्या पोटात एवढं काही असतं?

"पोट्टी सांगून राह्यली तं आयका," त्याची बायको शांतीबाई म्हणाली. "का पुन्हा वासरं मातीत पुराची हायेत?"

सकाळी सारा गाव पाळीवर. मनिरामनं ओंजळ भरली, त्या पाण्याकडे बघितलं, आणि बोटं सैल सोडून ते सांडून दिलं.

"जनावरं बोअरवर न्या."

दहा दिवस गाव हसला. पाणी तसंच चकचकीत. लोक बोअरवर बादल्या भरून थकले, बुढा भ्यायला म्हणाले. मनिरामलाही मनातून धाकधूक होती. रेणू चुकली तर या घराचा मान कायमचा बुडाला.

अकराव्या दिवशी पाळीच्या कडेनं हिरवी साय चढली, बोटभर जाड. गावातलं एकही वासरू गेलं नाही. मनिराम नुसता बघत उभा राहिला. भीती नव्हती ती. देवळात गेल्यावर वाटतं तसं काहीतरी होतं.

सोमवारी रेणू बाटली घेऊन उतरू लागली, तर त्यानं तिला अडवलं. तिचे रबरी हातमोजे मागून हातात चढवले, वाकून ओंजळ भरली आणि थेंबही न सांडता बाटलीत ओतली.

"आधी या बाटलीले पाजू," तो पाळीवर जमलेल्या गावाला म्हणाला. "मंग जनावराले."